टिकल्याचं औषधपाणी

टिकल्याच्या चोचीशी पांढरं काहीतरी धरलंय, हे सगळ्यांत आधी अनुष्काला दिसलं, आणि तिनं ते आईला सांगितलं. युवराज तिथंच, हाताच्या अंतरावर बूट पुसत बसला होता. पण त्याला नाही सांगितलं.

"मम्मी, टिकल्याच्या नाकावर पीठ लागलंय."

प्रज्ञा पोळ्या करत होती. "राळ्याचा भुसा असेल गं. जाईल आपोआप."

युवराजनं मान वर करून पिंजऱ्याकडं पाहिलं. खरंच, त्या इवल्याशा निळ्या पाखराच्या चोचीच्या मुळाशी पांढरट खर धरली होती. भिंतीला पोपडे धरावेत तशी. "बघू," असं म्हणत तो उठला, तशी अनुष्का दोन पावलं मागं सरकली आणि वही घेऊन आतल्या खोलीत गेली.

हे नेहमीचंच होतं. हवालदार युवराज शेडगे पाटणजवळच्या एका गावचा. नोकरीची बहुतेक वर्षं सीमेवर, बर्फात गेलेली. प्रज्ञा लेकीला घेऊन कराडला राहिली. अनुष्काला पप्पा म्हणजे फोनमधला चेहरा, आणि वर्षातून एकदा मोठ्या बॅगेतून अक्रोड काढणारा पाहुणा. गेल्या जूनमध्ये त्याला दिल्ली मिळाली, छावणीत दुसऱ्या मजल्यावर क्वार्टर मिळालं, आणि सात वर्षांची पोर पहिल्यांदा बापाबरोबर एका घरात राहायला आली. आईला ती 'तू' म्हणायची, त्याला 'तुम्ही'. शिकवल्यासारखं वागायची, मागितलं ते आणून द्यायची, आणि तो ड्यूटीवरून आला की हळूच दुसऱ्या खोलीत जायची.

पाखरू त्यानंच आणलं होतं, आठवडी बाजारातून. विकणारा म्हणाला होता, "लव्हबर्ड है साहब, बच्चे का मन लगा रहेगा." मन लागलं, पण सगळं पाखरावर. त्याच्या गळ्यावर काळे ठिपके होते म्हणून अनुष्कानं नाव ठेवलं टिकल्या. शाळेत सगळं हिंदीत चालायचं. घरी आली की ती पिंजऱ्याला नाक लावून तासभर मराठीत बोलत बसे. काय बोलते, ते ऐकायला युवराज कधी दारापर्यंत गेला की गप्प होई.

जानेवारीची थंडी वाढली तशी टिकल्याची खर वाढत गेली. चोचीच्या कोपऱ्यांतून ती डोळ्यांच्या कडेला आली, मग पायांवर. जवळून पाहिलं तर तिच्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक बारीक भोकं दिसत. पाखरू दिवसभर दांडीवर तोंड घासत बसे.

खालच्या मजल्यावरच्या चौहान भाभींनी उपाय सांगितला, "सरसों के तेल में हल्दी मिलाकर लगा दो." प्रज्ञानं मनोभावे लावलं. तेल पसरलं पिसांवर, पिसं चिकटली, आणि टिकल्या अंगाचं मुटकुळं करून दिवसभर कुडकुडत बसला. युनिटमधल्या स्टोअरच्या जयेशच्या घरी म्हशी होत्या. तो म्हणाला, "अरे, ही तर खरूज. म्हशींना गोचिडासाठी देतो ते औषध आहे माझ्याकडं. एक थेंब मानेवर सोड, खलास." दुसऱ्या दिवशी त्यानं बाटलीही आणून दिली.

युवराज ती बाटली घेऊन पिंजऱ्यासमोर उभा राहिला. ड्रॉपरमध्ये औषध घेतलंसुद्धा. मग त्याच्या मनात आलं, म्हशीचं वजन केवढं आणि याचं केवढं? थेंब म्हणजे तरी केवढा थेंब? पिंजऱ्याच्या पलीकडून अनुष्का त्याच्याकडं बघत होती. त्यानं ड्रॉपर पुन्हा बाटलीत रिकामा केला, झाकण घट्ट लावलं आणि बाटली जयेशला परत केली.

मग पाखरांचा डॉक्टर शोधणं आलं. सरोजिनी नगरच्या पलीकडं एक बाई फक्त पाखरंच बघतात असं कळलं. रविवारी तिघं रिक्षानं निघाली, पिंजरा शालीत गुंडाळून अनुष्काच्या मांडीवर.

डॉक्टर अरुणा गडकर साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणाऱ्या. प्रज्ञानं अनुष्काला "नीट बस गं" म्हटलं, तशा त्या एकदम वळल्या. "अच्छा! मराठी! कुठले?" त्यांचे वडील सरकारी नोकरीत, लहानपण सगळं इथल्याच लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. त्यांची मराठी थोडी अडखळत यायची, पण आनंदानं यायची.

त्यांनी टिकल्याला आधी छोट्या काट्यावर डब्यात ठेवून तोललं, मग चोचीवरची खर अगदी हलकी खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"ये बघायला," त्या अनुष्काला म्हणाल्या.

अनुष्कानं डोळा लावला. "काहीतरी गोल आहे. पाय आहेत त्याला."

"माइट्स. अगदी बारीक किडे. पाखराच्या कातडीत बोगदे करून राहतात. आणि हो, हा लव्हबर्ड नाही हं, बजी आहे, पोपटातलीच एक छोटी जात. बाजारवाले सगळ्यालाच लव्हबर्ड म्हणतात."

"मी आणला तेव्हा चांगला होता," युवराज म्हणाला. त्याला उगाच आपणच काही लपवल्यासारखं वाटत होतं.

"घरट्यातच आईकडून आले असतील. महिनोन्‌महिने नुसते बसून राहतात, मग थंडी पडली, जागा बदलली, की डोकं वर काढतात. तुमचा दोष नाही यात. माणसांना लागत नाहीत, बिल्कुल घाबरू नका."

जयेशच्या बाटलीचं ऐकून मात्र त्यांनी चष्मा नाकावर ओढला. "बरं झालं नाही सोडलंत. औषध त्याच जातीचं आहे, पण ते म्हशीच्या मापाचं. याचं वजन मूठभर शेंगदाण्याएवढं. मी पातळ करून, वजन बघून सोडते."

त्यांनी मानेवरची पिसं फुंकर मारून बाजूला केली आणि कातडीवर औषधाचा एक बारका थेंब सोडला. दोन आठवड्यांनी पुन्हा यायचं, मग आणखी एकदा. घरी लाकडी दांड्या टाकून नव्या घालायच्या, पिंजरा उकळत्या पाण्यानं धुवायचा, आणि रोज संध्याकाळी खरीवर लिक्विड पॅराफिनचा पुसट हात, कापसाच्या काडीनं. पिसांना लावायचं नाही, नाकपुडीत जाऊ द्यायचं नाही.

"कोण धरणार?"

"माझ्याच्यानं नाही व्हायचं," प्रज्ञा लगेच म्हणाली.

"मग तुम्ही. इकडं या." डॉक्टरांनी टिकल्याला त्याच्या तळव्यात दिलं. "पाठ तळव्याला, मान या दोन बोटांच्या मध्ये. आणि छाती अजिबात दाबायची नाही. पाखराला श्वास घ्यायला छाती पुढं-मागं हलावी लागते. ती दाबली की श्वासच बंद."

युवराजनं आयुष्यात खूप काही धरलं होतं. पण हातात असं काही कधी आलं नव्हतं, की घट्ट धरलं तर मरेल आणि सैल सोडलं तर उडून पंख्यावर आदळेल. पिसांच्या आत ते काळीज असं धावत होतं, की वेगळे ठोके कळतच नव्हते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी घरात रडारड सुरू झाली. युवराज आला, हात धुतले, हात चोळून गरम केले, पिंजऱ्यात घातले, की टिकल्या किंचाळत कोपऱ्याकोपऱ्यांत धडका देई. अनुष्का कानांवर हात ठेवून टेबलाखाली बसे. चार-पाच दिवसांत पाखराला जिन्यावरचे बूट ओळखू येऊ लागले. ते वाजले की आत फडफडाट. आणि युवराजला कळून चुकलं की बूट ऐकून घाबरणारं घरात ते पाखरू एकटंच नव्हतं.

"अगं, पप्पा औषध देतात त्याला," प्रज्ञा समजवायची.

"त्याला नकोय."

"तापात तुला तरी कुठं हवं असतं?"

 अनुष्का नुसती पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राही, तोंडातल्या तोंडात टिकल्याची माफी मागत.

एका संध्याकाळी चोचीच्या कोपऱ्यातली खर मऊ होऊन काडीबरोबर निघून आली. खाली लाल ठिपका दिसला. टिकल्यानं जोराचा हिसका दिला, शेपटीचं एक पीस युवराजच्या बोटांत राहिलं, आणि मग पाखरू एकदम सैल पडलं. चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले.

"सोड त्याला!" अनुष्का टेबलाखालून ओरडत बाहेर आली. "सोड! तू मारतोस त्याला! तू जा परत तिकडं! जा तुझ्या बर्फात!"

प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात थिजली. युवराजनं पाखराला अलगद पिंजऱ्यात ठेवलं. थोडा वेळ धापा टाकून ते उठून दांडीवर गेलं. तो मात्र हात तसेच ओंजळीसारखे धरून उभा राहिला. पोरीनं आज पहिल्यांदा त्याला 'तू' म्हटलं होतं. राग आतून आला होता, परक्या माणसावर कोणी असं रागवत नाही, एवढं त्याला कळलं. पण 'जा' हा शब्दही आतूनच आला होता.

"लहान आहे हो," प्रज्ञा ताट वाढताना म्हणाली. "मनावर घेऊ नका."

"खोटं काय बोलली? तिच्या लेखी मी येतो, पाखराला पकडतो, रडवतो. एवढंच तर बघते ती रोज."

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच धुकं उतरलं होतं. युवराज आला तेव्हा घर फार शांत वाटलं. प्रज्ञा दूध आणायला गेलेली. अनुष्का वर्गात बसावं तशी ताठ बसून पाढे लिहीत होती. खिडकीशेजारच्या स्टुलावर पिंजरा नव्हता.

"अनू, टिकल्या कुठाय?"

"माहीत नाही."

"मम्मीनं नेला?"

"माहीत नाही." पेन्सिलीचं टोक मोडलं.

ओरडावं असं त्याच्या घशाशी आलं. हाताखालच्या पोरांवर तो ओरडायचा तेव्हा अख्खी बराक गप्प होई. पण त्यानं बूट काढले, आणि तिच्यापासून जरा लांब, फरशीवर मांडी घालून बसला.

"बाहेर फार गार झालंय. आपण स्वेटर घालतो. टिकल्याला आजारात एवढं गार सोसायचं नाही. आज मी औषध लावणार नाही. नुसतं आत आणू त्याला."

"शपथ?"

"शपथ."

"कुणाची?"

त्यानं खिडकीशेजारच्या रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं. "टिकल्याची."

ती उठली आणि जिन्यानं वर निघाली. तो मागोमाग. गच्चीच्या दारापाशी, पाण्याच्या टाक्यांच्या आडोशाला पिंजरा होता. तिनं स्वतःचा शाळेचा स्वेटर त्याच्याभोवती गुंडाळून बाह्यांची गाठ मारली होती. वाटीत राळे भरून ठेवले होते, पाणीही होतं. टिकल्या मात्र दांडीवर नव्हता. तो पिंजऱ्याच्या तळाशी, फुगून कापसाचा गोळा झाला होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते.

 अनुष्कानं बापाच्या जर्सीची बाही धरली.

युवराजनं आत हात घातला. आज ना किंचाळणं, ना फडफड. त्यानं पाखराला तळव्यात घेतलं, दुसऱ्या हाताचं छप्पर केलं आणि दोन्ही हात जर्सीच्या आत, पोटाशी धरून जिना उतरला, मागोमाग पिंजरा घेऊन अनुष्का. खाली प्रज्ञा दूध घेऊन येतच होती. तिनं चेहरे पाहिले आणि काही न विचारता टेबललॅम्प काढला, पिंजऱ्याच्या एका बाजूला लावला, अर्ध्या भागावर टॉवेल टाकला. युवराजनं टिकल्याला आत ठेवलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

"ऊब द्या, पण दिवा फार जवळ नको," त्या म्हणाल्या. "त्याला वाटलं तर लांब सरकता आलं पाहिजे. खोली शांत ठेवा. औषध दोन-तीन दिवस बंद. उद्या सकाळी मला कळवा."

मग करण्यासारखं काही उरलं नाही. बाप-लेक पिंजऱ्यासमोर फरशीवर बसून राहिली.

"मरेल?" अनुष्कानं विचारलं.

"माहीत नाही."

बहुधा तिला वाटलं होतं की मोठी माणसं म्हणतात तसं तो 'नाही गं' म्हणेल. ती त्याच्याकडं बघत राहिली. "मी त्याला लपवलं म्हणून?"

"तू त्याला वाचवायला लपवलंस. गार लागेल हे तुला ठाऊक नव्हतं. मलाही त्याला आणताना तो आजारी आहे हे ठाऊक नव्हतं."

तिनं पिंजऱ्यावरचा टॉवेल सारखा केला. मग म्हणाली, "तुला मजा येते का त्याला पकडायला?"

"मजा? मला भीती वाटते."

"खोटं. तू तर सैनिक आहेस. तुझ्याकडं बंदूक असते."

"बंदूक कितीही घट्ट धरली तरी तिला काही होत नाही, अनू. याला होतं. रोज जिना चढताना वाटतं, आज चुकलं तर?"

"दाखव हात."

त्यानं हात पुढं केला. बोटं चोचीच्या बारीक ओरखड्यांनी भरली होती. अनुष्कानं ती नीट न्याहाळली, डॉक्टरबाईंनी काचेवरचा किडा न्याहाळला होता तशी. दिव्याच्या उबेत टिकल्यानं एक डोळा उघडला. बऱ्याच वेळानं तो तळावरून उठला, वाटीपाशी गेला आणि एक दाणा फोडला. त्या बारक्याशा 'टिक्' आवाजासरशी प्रज्ञानं स्वयंपाकघरातून डोकावून "देवा!" म्हटलं आणि पदर डोळ्यांना लावला. युवराजला वाटलं आपणही लावावा, पण त्याला पदर नव्हता. त्यानं बाहीनं नाक पुसलं.

तीन दिवस त्यानं पिंजऱ्यात हात घातला नाही. डॉक्टरांनी पुन्हा सुरू करा म्हटलं, तेव्हा अनुष्का स्वतःच कापसाच्या काड्यांची डबी घेऊन आली.

"तू धर. मी लावते. आणि मी त्याच्याशी बोलणार, तू मध्ये बोलायचं नाही."

"बरं."

टिकल्या तरीही किंचाळलाच. पण आता त्याच्या किंचाळण्यावर तिचा आवाज चालू असे, सावकाश, अखंड, जसा ती शाळेतून आल्यावर त्याच्याशी बोलायची तसाच. काडी खरीवर फिरत राही आणि ती सांगत राही. वर्गात 'मुझे आता है'च्या ऐवजी 'मुझे आती है' म्हटलं तर मुली कशा हसल्या. कराडच्या घरामागं पेरूचं झाड होतं, त्यावर आता कोण चढत असेल. डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीला वर्गातली ती अवनी 'मिट्टी' म्हणाली. युवराज पाखरू धरून मान खाली घालून बसलेला असे. इतके महिने दाराआडून न ऐकू आलेलं सगळं आता त्याच्या हातांवर सांडत होतं. त्यानं एकदाही मान वर केली नाही, कारण मान वर केली तर ती थांबेल अशी त्याला धास्ती वाटे.

एकदा मात्र त्याला राहवलं नाही. "मग तू काय म्हणालीस त्या अवनीला?"

काडी हवेत थांबली. प्रज्ञानंही आतून भांड्यांचा आवाज थांबवला.

"मी म्हटलं, खाके देख," अनुष्का त्याच्याकडं बघून म्हणाली. "तिनं खाल्ली. मग अर्धा डबा संपवला. आता रोज मागते." आणि पुढची सगळी हकीकत, चटणी कोणी सांडली आणि बाई काय म्हणाल्या, तिनं टिकल्याला नाही, त्याला सांगितली. टिकल्याचं काम केव्हाच झालं होतं. ती दोघं बोलत बसलेली, आणि ते बिचारं त्याच्या मुठीत मान वळवून वळवून सुटायची वाट बघत होतं.

खर हळूहळू झडली. पाय स्वच्छ गुलाबी झाले, डोळ्यांच्या कडा मोकळ्या झाल्या. चोच मात्र थोडी वाकडी राहिली, आणि तिच्यावर बारीक खड्डे राहिले. ती तशीच राहणार, अधूनमधून घासून द्यावी लागेल, असं डॉक्टर अरुणा म्हणाल्या. शेवटच्या खेपेला त्यांनी पुन्हा काचेवर खरवडून पाहिलं आणि काहीच सापडलं नाही. युवराजनं बोट पुढं करताच टिकल्या चवताळून डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेला.

"हा तुम्हाला काही माफ करणार नाही," त्या हसत म्हणाल्या. "औषध देणाऱ्याच्या नशिबी हेच. तिच्या बोटावर बसेल, तुम्हाला मात्र जन्मभर चावेल."

"चावू दे," युवराज म्हणाला.

त्या दिवशी दोघंच स्कूटरवर आली होती, टिकल्या भोकं पाडलेल्या खोक्यात, अनुष्काच्या पोटाशी. थंडी सरत आली होती, झाडाखालच्या सावलीत बसवत होतं. रस्त्याच्या कडेला एक गाडीवाला निखाऱ्यांवर रताळी भाजत होता. युवराजनं स्कूटर थांबवली. गाडीवाल्यानं रताळं सोलून तुकडे केले, वर लिंबू पिळलं, मसाला भुरभुरला आणि द्रोणात काडी खोचून दिली. दोघं कट्ट्यावर बसली. खोकं मध्ये.

"तू परत कधी जाणार?" अनुष्कानं विचारलं.

"कुठं?"

"तिकडं. बर्फात."

त्याला 'बघू' म्हणता आलं असतं. "दोन वर्षं तरी इथंच आहे. मग ऑर्डर येईल तिकडं जायचं."

"आम्ही पण?"

"तिथं नेता येत नाही गं घरच्यांना."

खोक्यात खुडबुड झाली. अनुष्कानं भोकातून आत बघितलं, काहीतरी पुटपुटली, पुन्हा सरळ बसली. रस्त्यावरून शाळेची बस गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. मग द्रोणातला शेवटचा तुकडा तिनं काडीनं टोचला, लिंबू जास्त झालं म्हणून तोंड वाकडं केलं, आणि अर्धा चावून उरलेला त्याच्यापुढं धरला.

"आंबट आहे," ती म्हणाली. "पण खा."